पायरीपर्यंतची परवानगी

आमच्या शाळेत रविवारी सकाळी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, वर्ग असे. बी.ए. होऊन मी त्याच शाळेत मास्तर म्हणून परत आलो, तेव्हा इंग्रजी आणि गणिताबरोबर हा वर्गही माझ्याकडे आला. १९३०च्या मागेपुढचा तो काळ. शाळा मिशनची, आणि मीही मिशनचाच म्हणायचा. हातखंब्याच्या पलीकडच्या एका गावातून माझ्या शेतकरी बापाने मला भाताच्या गोणीशेजारी बैलगाडीत बसवून रत्नागिरीला आणलं आणि वसतिगृहाच्या दारात सोडलं. तिथून पुढे मिशनने मला जेवू घातलं, शिकवलं, मुंबईला कॉलेजात पाठवलं. कॉलेजात असताना मी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत असे.

घरी ही बातमी कळली तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, "जेवतोस ना येळेवर?" पुढे गावी गेलो की माझं पान पडवीत मांडत. बाबा आपलं पान उचलून ओटीच्या अगदी कडेला, माझ्यासमोर आणून बसत. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

तर एका रविवारी धडा होता पितळी सापाचा. वाळवंटात लोकांना साप चावू लागले, तेव्हा देवाने त्यांच्या पुढाऱ्याला पितळेचा साप करून खांबावर टांगायला सांगितलं. त्याच्याकडे जो बघेल तो वाचेल. मी धडा संपवला आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"मास्तर, कशाचीही मूर्ती करू नका, असं देवानेच सांगितलं होतं ना?"

"हो."

"आणि साप करा, असंही त्यानेच सांगितलं?"

"हो."

"मग आधी काय बोलला होता त्याची त्याला कोणी आठवण नाही करून दिली?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि मला शिकवलेलं उत्तर दिलं. साप पूजेसाठी नव्हता, नुसता बघण्यासाठी होता. पुढे लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले तेव्हा एका भल्या राजाने तो फोडून टाकला. मुलांचं समाधान झालं, किंवा जेवणाची वेळ झाली होती म्हणून ती गप्प बसली. माझं मात्र झालं नाही. मांडवीला माझी खोली होती. संध्याकाळी बंदरावर बसलो तरी डोक्यात तेच. ज्या हुकमाने केला तो हुकूमही खरा, ज्या हुकमाने फोडला तोही खरा. मधल्या काळात जे त्याच्याकडे नुसतं बघत होते, त्यांचं नुसतं बघणं कधी संपलं आणि हात कधी जोडले गेले, हे त्यांना स्वतःला तरी कळलं असेल का?

हा सगळा घोळ पुस्तकातच राहिला असता. पण त्याच आठवड्यात गावाहून गाडीवान निरोप घेऊन आला. बाबांचे डोळे पूर्ण गेले होते.

काचबिंदू होता. पावसाआधीच मी त्यांना डॉक्टरकडे आणलं होतं, आणि आता उपाय नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. निरोप डोळ्यांविषयी नव्हताच. शिमगा जवळ आला होता.

आमच्या गावात शिमग्याला देवीची पालखी देवळाबाहेर निघते. त्याआधी गावातर्फे देवीला गाऱ्हाणं घालायचं असतं. वर्षभरात गावाचं काय झालं, कोण आजारी, कोणाचं पीक बुडालं, कोण मुंबईला गेलं, सगळं देवीला मोठ्याने सांगायचं आणि सांभाळ म्हणायचं. प्रत्येक वाक्यानंतर सारा गाव "व्हय महाराजा" म्हणतो. हे गाऱ्हाणं घालण्याचा मान आमच्या घराचा. बाबांच्या आधी आजोबा, त्यांच्या आधी त्यांचे वडील. गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या दोन्ही हातांत नारळ असतो, त्यामुळे काठी चालत नाही. म्हाताऱ्या माणसाला कोणी धरून न्यायचं, तर ते त्याच्याच घरातल्याने. दुसऱ्या घराने हात धरला, तर मान त्या घराकडे जातो आणि परत येत नाही. आमचे भाऊबंद शेजारीच राहत होते आणि हात पुढे करायला तयार होते. माझा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत. त्याला त्या वर्षी रजा मिळत नव्हती. पुढल्या शिमग्याला नक्की येतो, असं त्याने कळवलं होतं.

"म्हाताऱ्याने सांगितलंय," गाडीवान म्हणाला, "एवढं वरीस धाकट्यानं हात धरावा. पाया पड म्हणत नाय."

मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, विचारून कळवतो.

"कोणाला विचारून?" तो म्हणाला.

त्या रात्री मला शास्त्रातल्या एका सेनापतीची गोष्ट आठवली. महारोगातून बरा झाल्यावर तो खऱ्या देवाला मानू लागतो, पण त्याची एक अडचण असते. त्याचा राजा मूर्तीच्या देवळात जातो तेव्हा याच्या हातावर टेकून जातो, आणि राजा वाकला की यालाही वाकावं लागतं. एवढ्याची देवाने क्षमा करावी, असं तो संदेष्ट्याला म्हणतो. संदेष्टा त्याला ना हो म्हणत ना नाही म्हणत. शांतीने जा, एवढंच सांगतो. मला वाटलं, ही गोष्ट माझ्यासाठीच लिहून ठेवलेली आहे. पण सोन्याच्या पुतळ्यापुढे वाकायचं नाकारून भट्टीत गेलेले तीन तरुण त्याच पुस्तकात होते, आणि बापावर माझ्याहून अधिक प्रेम करणारा मला योग्य नाही, हे ख्रिस्ताचं बोलणंही होतं. एक पान उलटलं की धीर येई, दुसरं उलटलं की जाई.

आणि मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांना विचारलं. शिकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट विचारून करायची सवय असते.

रविवारी उपासनेनंतर पंच बसले. पाळक होते नगरकडचे, सौम्य, वयस्क. कचेरीत कारकून असलेले एक गृहस्थ, दवाखान्यातले कंपाउंडर, आणि घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या एक विधवा बाई. आम्ही त्यांना बाईच म्हणत असू. मी वसतिगृहात असताना माझ्या डोक्यातल्या उवा काढणाऱ्या याच.

"मूर्तीच्या देवळात जायचं का, हा काय विचारायचा प्रश्न आहे?" कंपाउंडर म्हणाले. "दहा आज्ञांतली दुसरी पाठ नाही का मास्तरांना?"

"आईबापांचा मान राखा ही आज्ञाही त्याच पाटीवर आहे," कारकून म्हणाले.

"आहे, पण खाली."

"खाली म्हणजे? खालच्या आज्ञा काय पोरासोरांसाठी?"

"ते तीन तरुण भट्टीत गेले, पण वाकले नाहीत."

"त्यांना राजाने वाका म्हणून हुकूम केला होता. मास्तरांचे वडील तर वाकू नको म्हणतात."

मग मी सेनापतीची गोष्ट काढली. पाळकांनी मान हलवली. त्यांना ती आधीच आठवली असावी आणि कोणीतरी काढावी म्हणून ते थांबले असावेत. मला हायसं वाटलं. तेवढ्यात बाई बोलल्या.

"मला ठाऊक आहे ती गोष्ट. या बंदरावरच्या निम्म्या बायकांना ती मीच वाचून दाखवलीय." त्या पाळकांकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. "माझी आई गेली तेव्हा मी इथून दोन कोसांवर होते. तिने बोलावणं धाडलं होतं. तिच्या उशाशी देवाचा दिवा ठेवला होता, अंगारे लावत होते. मला सांगितलं, तिथे जाशील तर त्यात भागीदार होशील. मी ऐकलं. आई गेली. हे वचन तेव्हाही याच पुस्तकात होतं ना, पाळकसाहेब?"

"तेव्हा मी इथे नव्हतो, बाई."

"पुस्तक होतं."

 बाहेर चिंचेखाली मुलं ओरडत होती. मला इतका वेळ वाटत होतं की प्रश्न माझा आणि बाबांचा आहे. आता दिसलं की मला जा म्हटलं, तर बाईंची आई उगाचच वाट बघत गेली, असं ठरतं. आणि नको म्हटलं, तर बाबा एकटे पडतात.

"म्हणून मी म्हणते, याला पाठवू नका," बाई म्हणाल्या. "नाहीतर मला सांगा, मी का गेले नाही ते."

शेवटी ठरलं ते असं. मी वडिलांचा हात देवळाच्या पायरीपर्यंत धरावा. पायरी चढू नये, हात जोडू नयेत, वाकू नये. आल्यावर घडलं ते सगळं पंचांना सांगावं. बाई या ठरावाला हो म्हणाल्या नाहीत, पण उठूनही गेल्या नाहीत.

गावी जाऊन मी बाबांना हे सांगितलं. ते ओटीवर बसले होते, चेहरा माझ्या आवाजाकडे वळवून.

"इचारलंस कशाला?" ते म्हणाले. "येऊन हात धरला असतास, काम झालं असतं. आता गाव इचारणार."

तसंच झालं. ख्रिस्ती लोकांनी पंच बसवले, ही बातमी गाडीवानाने माझ्याआधीच गावात पोचवली होती. भाऊबंदांतले एक काका म्हणाले, "त्यांनी त्यांच्या देवाला इचारलान, मग आपण काय देवीला न इचारताच बाटलेला हात धरू द्यायचा?" आणि मला म्हणाले, "तुझा बी.ए. देवीला चालतो का ता बघू की."

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवीच्या पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी आवाराबाहेर जांभ्या दगडाच्या गडग्यावर बसलो होतो. मुलाने देवळात वडिलांचा हात धरून यावं का, असं गुरवाने विचारलं. पाकळी पडेना. लोक मंडपात बसून राहिले. कोणी पान लावलं, कोणी खांबाला टेकून डुलकी काढली, दोघेजण आंब्याच्या मोहोराविषयी बोलत राहिले. ऊन गडग्यावरून सरकत माझ्या पायांवर आलं. घाई कोणालाच नव्हती. मी सोडून.

शेवटी गुरवाने प्रश्न बदलला. आत नको, पण पायरीपर्यंत? उजवी पाकळी लगेच सुटली.

बाबांना सांगितलं तेव्हा ते हसू लागले. डोळे अधू झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "तुजा देव नि आमची देवी एकमेकांस इचारून ठरवतात वाटतं," ते म्हणाले. "दोगांचं एकच. पायरी."

पण पायरीपासून देवीपर्यंत मंडप होता. त्यात खांब होते, जमिनीवर समया होत्या, आतला उंबरठा होता. हातात नारळ घेऊन आंधळ्या माणसाने तेवढं अंतर एकट्याने जायचं. अडखळून नारळ हातातून सुटला, तर तो अपशकुन, आणि मानाची गोष्ट मग कोणी काढायचीही नाही. भाऊबंदांनी हे बोलून दाखवलं नाही. फक्त त्या दिवशी ते अगदी पुढे उभे राहिले.

पालखी सजली. दुपार कलली होती. मी बाबांचा हात धरून गर्दीतून त्यांना आणलं. त्यांचा तळवा कोरडा आणि खरखरीत होता, लहानपणी होता तसाच. पायरीशी मी थांबलो. गुरवाने त्यांच्या हातात नारळ दिला. मी हात सोडला.

ते पायरी चढले आणि उभे राहिले. पुढे पाऊल टाकेनात. ढोल थांबले होते. मग मान किंचित मागे वळवून, फक्त मला ऐकू जाईल इतक्या आवाजात ते म्हणाले, "सांग."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"सरळ या," मी म्हणालो. मग सुधारून, "सरळ जा, बाबा. अजून. थोडं डावीकडे, खांब आहे. आता परत उजवीकडे. हळू, समई आहे पायाशी. पाय उचला, उंबरठा."

मी सांगेन तसे ते जात होते. जन्मभर मी त्यांचं ऐकलं होतं, किंवा ऐकलं नव्हतं. आता ते माझं ऐकत होते, आणि ज्या मूर्तीपुढे जायची मला मनाई होती तिच्यापर्यंत माझ्याच शब्दांवर पोचत होते.  मी पायरी चढलो नव्हतो. माझा आवाज चढला होता. त्याच्याविषयी पंचांनी काही ठरवलं नव्हतं आणि देवीलाही कोणी विचारलं नव्हतं.

बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. पाऊस, भात, गुरांचा रोग, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, आगबोटीने मुंबईला गेलेली पोरं. प्रत्येक वाक्यामागून गावाचा होकार. माझ्या थोरल्या भावाचं नाव घेतलं, गिरणीत त्याला सांभाळ म्हणाले. "व्हय महाराजा." मग ते म्हणाले,

"आणि आई, माजा धाकटा तुज्या पायरीशी उभा हाय. तो आता तुज्याकडं येत नाय. ज्याच्याकडं जातो, त्यानं त्याला सांभाळावं. नाय सांभाळलान, तर तू बघ."

गाव गप्प झाला. याला काय म्हणायचं, कोणाला सुचेना. काका गुरवाकडे बघू लागले. गाऱ्हाण्यातलं वाक्य असं लोंबकळत ठेवायचं नसतं. होकार आला नाही तर ते देवीपर्यंत जात नाही, असं आमच्याकडे मानतात. बाबा नारळ धरून पाठमोरे उभे होते.

"व्हय महाराजा," मी म्हणालो.

माझ्यामागून सगळा गाव म्हणाला. ढोल वाजले. मान घरात राहिला.

मी रत्नागिरीला परतलो आणि ठरल्याप्रमाणे पंचांना सगळं सांगितलं.

"पायरी चढलात?" कंपाउंडरांनी विचारलं.

"नाही."

"वाकलात?"

"नाही."

"हात जोडलेत?"

"नाही. पण त्यांना आत मी नेलं. आणि त्यांच्या प्रार्थनेला मी हो म्हटलं."

"प्रार्थना कोणापुढे?"

"मूर्तीपुढे."

"कशासाठी?"

"आपल्या देवाने मला सांभाळावं, यासाठी."

कारकुनांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि पुसत बसले. पाळक म्हणाले, यावर विचार करावा लागेल. विचार होईपर्यंत मी प्रभुभोजनाची भाकर घेऊ नये आणि शास्त्राचा वर्ग दुसऱ्याने घ्यावा. इंग्रजी आणि गणित माझ्याकडे राहिलं. नोकरीविषयी कोणी बोललं नाही, पण मंडळीने मला नाकारलं तर शाळा ठेवणार नाही, हे मला माहीत होतं. मला राग आला नाही. या लोकांनी मला माणूस केलं होतं. बाबांनीही केलं होतं. दोघांचं देणं एकाच वेळी कसं द्यायचं, हे मात्र कोणीच शिकवलं नव्हतं.

दिवस गेले. मी शास्त्र वाचत राहिलो आणि वाचून अधिकच अस्वस्थ होत गेलो. एका जागी म्हटलं होतं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, आणि हट्टीपणा मूर्तिपूजेसारखाच. मग माझा हट्ट कोणता? गेलो तो, की पायरीशी थांबलो तो? पुन्हा गावी गेलो तेव्हा जेवताना बाबांनी विचारलं, "तुज्या मंडळींनी काय कौल दिला?"

"अजून काही नाही."

"मग बस."

"किती दिवस बसू, बाबा?"

"पाकळी पडेपर्यंत उठायचं नसतं," ते म्हणाले, आणि मीठ मागितलं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी उपासना संपली. भोजनाची वेळ आली तेव्हा मी उठून चर्चच्या व्हरांड्यात येऊन बसलो. आत भाकर आणि द्राक्षरस मांडल्याची खुडबुड ऐकू येत होती. थोड्या वेळाने दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. मला वाटलं त्यांना बरं नाही. त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"तुम्ही का उठलात?" मी विचारलं.

"मी आईचं विचारलंय त्याचं उत्तर मिळेपर्यंत मी घेणार नाही. आत्ताच सांगून आले पाळकांना." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या बाजूची नाही हं मी. तू चुकलास असंच मी म्हणते."

"हो, बाई."

आत गीत सुरू झालं. त्यांचे ओठ सवयीने हलले आणि थांबले.

"म्हातारा अडखळला नाही ना कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं." आणि काही वेळाने, "काय म्हणतो तो?"

मी त्यांना पाकळीचं सांगितलं. त्यांनी नाक मुरडलं. मग पदराने बाकावरची धूळ झटकली.

"उन्हात बसलायस," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल. इकडे सावलीत सरक."